लग्नाच्या वाढदिवसाची बाल्कन सहल : ग्रुप टूर घ्यावी की दोघांनीच जावं?

ग्राहकांसाठी माहितीपत्रक

पंचविसावा किंवा चाळिसावा वाढदिवस, जायचं बाल्कनला, आणि पहिला पेच : ग्रुपबरोबर की आपलं आपण? आम्ही दोन्ही प्रकारच्या सहली करून देतो, त्यामुळे एकाच बाजूची वकिली करण्यात आम्हाला रस नाही. वय किती, इंग्रजी कसं, यावर हा निर्णय करू नका. तुमच्या मार्गात सीमा किती येतात ते आधी मोजा.

स्लोव्हेनिया आणि क्रोएशिया हे दोन्ही देश शेंगेनमध्ये (आपसातल्या सीमांवर एरवी पासपोर्ट न तपासणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात) आहेत आणि दोन्हीकडे युरो चालतो. क्रोएशिया या दोन्ही गोष्टींत 1 जानेवारी 2023 ला सामील झाला. त्यामुळे स्लोव्हेनियातल्या ल्युब्लियानाहून थेट क्रोएशियातल्या डुब्रोवनिकपर्यंत तुम्ही एका चलनात, एका सिमकार्डवर जाता, आणि सीमेवर पासपोर्टासाठी रांग लावावी लागत नाही. एवढाच भाग करायचा असेल तर ग्रुपची गरज नाही, असं आमचं स्पष्ट मत आहे. बोस्निया, माँटेनेग्रो, सर्बिया, अल्बानिया, नॉर्थ मॅसेडोनिया यांतला देश वाढवला की प्रत्येक ठिकाणी खरी सीमा येते. तिथे व्हिसाची अट वेगळी आणि बहुतेक ठिकाणी चलनही वेगळं. अशा सीमा तीनपेक्षा जास्त होत असतील तर ग्रुप टूर किंवा निदान गाडी-ड्रायव्हर घ्यावा.

व्हिसा : इथेच घोडं पेंड खातं

भारतीय पासपोर्टवर या सगळ्या भागाची किल्ली म्हणजे शेंगेन व्हिसा. प्रौढांसाठी फी 90 युरो (जून 2024 पासून), शिवाय व्हिसा-अर्ज केंद्राचं सेवाशुल्क. किमान 30,000 युरोंचा प्रवासविमा लागतो. अर्ज प्रवासाआधी जास्तीत जास्त सहा महिने आणि कमीत कमी 15 दिवस करता येतो, पण मे महिन्यासाठी 15 दिवसांवर विसंबू नका. त्या हंगामात अपॉइंटमेंट मिळणं हेच मोठं काम असतं. मेमध्ये निघायचं तर जानेवारी-फेब्रुवारीत कागद तयार हवेत. ज्या देशात रात्री जास्त, त्या देशाकडे अर्ज. रात्री सारख्या असतील तर जिथे आधी उतरणार त्या देशाकडे.

व्हिसा हातात आला की स्टिकरवरचा प्रवेशांचा रकाना लगेच वाचा. तिथे 01, 02 किंवा ‘एमयूएलटी’ असं छापलेलं असतं. ‘एमयूएलटी’ म्हणजे कितीही वेळा प्रवेश. क्रोएशियातल्या स्प्लिटहून बोस्नियातल्या मोस्तारला गेलात की तुम्ही शेंगेनबाहेर पडलात. मोस्तारहून डुब्रोवनिकला आलात की तो दुसरा प्रवेश झाला. माँटेनेग्रोतलं कोटोर पाहून पुन्हा डुब्रोवनिकच्या विमानतळावर आलात की तिसरा. स्टिकरवर 01 असेल तर मोस्तारहून परतताना क्रोएशियाच्या सीमेवर अडवलं जाईल, आणि पुढची हॉटेलं, विमान सगळंच गेलं. म्हणून अर्जातच एकाहून अधिक प्रवेश मागावे लागतात आणि जोडलेल्या प्रवास-आराखड्यात ते दिसावे लागतात.

बोस्निया आणि नॉर्थ मॅसेडोनिया बहुप्रवेशी शेंगेन व्हिसावर थोड्या दिवसांसाठी आत घेतात. माँटेनेग्रो वैध शेंगेन व्हिसावर 30 दिवसांपर्यंत राहू देतो, सर्बियाही वैध शेंगेन व्हिसा मान्य करतो. अल्बानियाची अट जास्त कडक आहे : व्हिसा बहुप्रवेशी हवा आणि तो शेंगेनमध्ये आधी एकदा वापरलेला हवा, म्हणजे सहलीची सुरुवात अल्बानियाच्या राजधानीतून, तिरानातून करू नका. सर्बियात पूर्वी भारतीयांना व्हिसा लागत नसे. ती सवलत 1 जानेवारी 2023 पासून बंद आहे, पण जुने लेख आणि व्हिडिओ अजून तेच सांगतात. हे नियम बदलत राहतात. निघण्याच्या आठवड्यात त्या-त्या देशाच्या परराष्ट्र मंत्रालयाच्या संकेतस्थळावरचं पान छापून सोबत ठेवा. मुंबईच्या काउंटरवरल्या विमान कंपनीच्या माणसाला हे नियम पाठ असतातच असं नाही.

कोसोव्होला भारताने मान्यता दिलेली नाही, आणि तिथे दुसऱ्या बाजूने शिरून सर्बियात उतरलात तर सर्बिया तो प्रवेश बेकायदा मानतो. पहिल्या सहलीत कोसोव्हो वगळा.

जोडप्यांच्या बाबतीत हमखास निघणारी अडचण नावाची. पत्नीच्या पासपोर्टवर माहेरचं आडनाव किंवा आडनावाचा रकाना कोरा, आणि विमानाचं तिकीट सासरच्या नावाने! तिकीट, विमा, हॉटेल सगळं पासपोर्टवरच्या अक्षरांप्रमाणेच हवं. खर्च एकाच्या खात्यातून दाखवणार असाल तर विवाह नोंदणीचं प्रमाणपत्र मागितलं जाऊ शकतं. जुन्या लग्नांची नोंदणी बऱ्याचदा झालेलीच नसते. ती आधी करून घ्या.

वाढदिवसाची तारीख आणि सहलीची तारीख

आपल्याकडची बरीच लग्नं नोव्हेंबर ते फेब्रुवारीतली. नेमकी त्याच काळात एड्रियाटिक समुद्राची किनारपट्टी झोपलेली असते. स्प्लिट-डुब्रोवनिक कॅटामरान बोटी बंद, बेटांवरची हॉटेलं बंद, ‘बुरा’ नावाचा बोचरा वारा, आणि डिसेंबरात सव्वाचारच्या सुमारास सूर्यास्त. त्या तारखेलाच जायचा आग्रह असेल तर किनारा सोडून झाग्रेब आणि ल्युब्लियानाचे नाताळ बाजार धरा. नाहीतर तारखेचा हट्ट सोडा आणि मेचा मध्य ते जूनचा मध्य किंवा सप्टेंबर घ्या. जुलै-ऑगस्ट आम्ही सुचवत नाही. ऊन, गर्दी, भाव, सगळंच चढं.

वाढदिवस सहलीत पडत असेल तर तो प्रवासाच्या दिवशी येऊ देऊ नका. त्या रात्रीच्या आधीची आणि नंतरची रात्र त्याच गावात हवी.

ग्रुप टूर घेताना

ग्रुपमध्ये सामान बसमध्ये चढतं, सीमेवरचे कागद टूर मॅनेजर पाहतो, संध्याकाळी वरण-भात मिळतो. गुडघे दुखत असतील किंवा परदेशाचा पहिलाच प्रवास असेल तर याची किंमत मोठी आहे.

पण बसचा चालक युरोपीय नियमांनी बांधलेला असतो. दिवसाला साधारण 9 तास ड्रायव्हिंग, साडेचार तासांनंतर 45 मिनिटांची विश्रांती, आणि रात्री सलग विश्रांतीचे ठरावीक तास. म्हणून बस संध्याकाळी तुम्हाला हॉटेलवर सोडते आणि पुन्हा बाहेर काढत नाही. हॉटेल गावाबाहेर असेल तर डुब्रोवनिकची रात्र तुम्ही पाहिलीच नाहीत. नेमकी तीच वेळ दोघांनी फिरायची.

पत्रकात देश मोजू नका, रात्री आणि हॉटेलं मोजा. एकूण रात्रींना हॉटेलांच्या संख्येने भागा. उत्तर दीडपेक्षा कमी आलं तर ती सहल बसमधून होणार. ‘ओझरतं दर्शन’ आणि ‘फोटो स्टॉप’ म्हणजे आत जायचं नाही. डुब्रोवनिकच्या तटबंदीचं तिकीट, पोस्तोयना गुहा, ब्लेडच्या बेटावरची होडी हे दरात आहे का, हे लेखी घ्या. किती माणसं जमली नाहीत तर सहल रद्द होते, आणि रद्द झाल्यास व्हिसाची फी कोणाची, हेही विचारा. खोलीत एक मोठा पलंग हवा असेल तर तसं नोंदवून घ्या, नाहीतर दोन सुटे पलंग येतात. लग्नाच्या वाढदिवसाला हे कोणाला नको असतं.

स्वतंत्र प्रवास : 12 रात्रींचा नमुना

ल्युब्लियाना 3, प्लित्वित्से 1, स्प्लिट 2, मोस्तार 1, डुब्रोवनिक 3, कोटोर 2. येताना ल्युब्लियाना किंवा झाग्रेब, परतताना माँटेनेग्रोतलं पॉडगोरित्सा. एकाच विमानतळावर परत यायचा अट्टहास केला तर एक पूर्ण दिवस जातो. परतीचं विमान इस्तंबूलमार्गे घेतल्यास शेंगेनमध्ये पुन्हा पाऊल टाकावं लागत नाही. व्हिएन्ना किंवा फ्रँकफर्टमार्गे घेतलंत तर प्रवेशाचा हिशेब पुन्हा मांडा. या मार्गात क्रोएशियाच्या रात्री सर्वांत जास्त, म्हणून व्हिसाचा अर्ज क्रोएशियाकडे.

ल्युब्लियानात तळ ठोकून ब्लेड आणि पोस्तोयना करता येतं. गुहेत बारा महिने 10 अंशांच्या आसपास तापमान असतं, तेव्हा मे महिन्यातही जाकीट हवं. ब्लेडच्या बेटावर 99 पायऱ्या आहेत आणि नवऱ्याने नवरीला उचलून त्या चढायच्या, अशी तिथली प्रथा आहे. लग्नाच्या पंचविसाव्या वर्षी पाठीचा विचार करून ठरवावं. स्वतः गाडी चालवायची हौस असेल तर ती स्लोव्हेनियात भागवा. आरटीओकडून मिळणारा आंतरराष्ट्रीय परवाना, चालकाच्याच नावाचं क्रेडिट कार्ड आणि महामार्गाचं ऑनलाइन ‘विन्येट’ (टोलचा पास) लागतं. ऑटोमॅटिक गाडी आधी सांगून ठेवा. गाडी एका देशात घेऊन दुसऱ्यात सोडली तर वेगळं शुल्क पडतं, तेव्हा ती ल्युब्लियानातच परत करा आणि पुढे बस धरा.

प्लित्वित्सेच्या राष्ट्रीय उद्यानात 16 तळी आहेत, पोहायला बंदी आहे, आणि तिकिटावर प्रवेशाची वेळ छापलेली असते. जून ते सप्टेंबर ही वेळ ऑनलाइन आधीच घ्यावी; 2025 च्या हंगामात प्रौढांचं तिकीट 40 युरो होतं. उद्यानातल्या ‘एच’ नावाच्या फेरीच्या मार्गाला चार ते सहा तास लागतात. तो प्रवेश क्रमांक 2 वरून सुरू होतो, म्हणून हॉटेल त्या बाजूला घ्या. क्रोएशियातल्या बसमध्ये बॅगेचे पैसे सामान ठेवतानाच रोख द्यावे लागतात, साधारण एक-दोन युरो. सुटी नाणी खिशात ठेवा.

स्प्लिटमधला रोमन सम्राट डायोक्लेशियनचा राजवाडा म्हणजे आजही माणसं राहत असलेलं गाव आहे. त्याच्या आत खोली घेतली तर रात्री बारपर्यंत दोन पावलं, आणि बारचा आवाज उशापर्यंत.

स्प्लिट ते मोस्तार आणि मोस्तार ते डुब्रोवनिक या दोन दिवसांसाठी गाडी-ड्रायव्हर घ्या, हा आमचा आग्रह. सार्वजनिक बसमध्ये पासपोर्ट गोळा होतात, भारतीय पासपोर्टवर जास्त प्रश्न येतात आणि अख्खी बस तुमच्याकडे बघत बसते. गाडी असली की वाटेत पोचितेल आणि क्रावित्सा धबधबाही होतो. मोस्तारचा पूल 1566 चा. 1993 मध्ये युद्धात पडला, 2004 मध्ये पुन्हा उभा राहिला. डुब्रोवनिकहून दिवसाच्या फेरीने येणारे लोक संध्याकाळी निघून जातात, म्हणून तिथे एक रात्र हवीच. पुलावरचे दगड घासून गुळगुळीत झालेत. रबरी तळाचे बूट घाला.

मोस्तार गाळून स्प्लिटहून थेट डुब्रोवनिकला जायचं असेल तर बस जुलै 2022 मध्ये खुल्या झालेल्या पेल्येशाक पुलावरून जाते ना, हे तिकीट काढताना विचारा. जुना रस्ता नेउममधून, म्हणजे बोस्नियातून जातो.

डुब्रोवनिकच्या जुन्या गावात गाडी जात नाही आणि उत्तरेकडच्या गल्ल्या म्हणजे नुसते जिने. जड बॅगा असतील तर लापादमध्ये राहा, तिथून जुन्या गावाच्या पिले दरवाजापर्यंत बस आहे. तटबंदीवरची फेरी सुमारे दोन किलोमीटरची, सावली जवळजवळ नाही. उघडल्याबरोबर जा किंवा उन्हं उतरल्यावर. 2025 मध्ये नुसत्या तटाचं तिकीट आणि तट, संग्रहालयं, बस धरून एक दिवसाचा डुब्रोवनिक पास, दोन्ही 40 युरोंनाच होते. अर्थात पास घ्यावा. क्रूझ जहाजांचं वेळापत्रक बंदराच्या संकेतस्थळावर असतं. ज्या दिवशी जहाजं कमी, तो दिवस तटासाठी ठेवा.

डुब्रोवनिक ते कोटोर अंतर साधारण 90 किलोमीटर. एरवी दोन-अडीच तास, पण उन्हाळ्यात देबेली ब्रियेगच्या सीमेवर तासन्‌तास अडकता येतं. सकाळी सातच्या आत निघा. आखाताला वळसा नको असेल तर कामेनारी ते लेपेताने फेरीबोट गाडीसकट नेते. कोटोरच्या किल्ल्यावर सुमारे 1,350 पायऱ्या आहेत. त्या झेपणार नसतील तर पेरास्तहून होडीने समोरच्या बेटावरचं चर्च पाहा, तेवढंच सुंदर आहे.

खाणं

शाकाहारी माणसाचे हाल होतात हे अर्धसत्य आहे. सारायेव्हो-मोस्तारकडे ‘बुरेक’ (सारण भरलेली खारी पेस्ट्री) म्हटलं की खिम्याचं येतं. ‘सिर्नित्सा’ म्हणजे चीजचं, ‘झेल्यानित्सा’ पालकाचं, ‘क्रोम्पिरुशा’ बटाट्याचं. ढोबळी मिरचीचं ‘आयवार’ पावाला लावून खा. ‘बेझ मेसा’ म्हणजे मांसाशिवाय, हे दोन शब्द पाठ करा. तरी सूप आणि घेवड्याच्या उसळीत डुकराचं मांस असतं का, हे वेगळं विचारा. भारतीय जेवण मोठ्या शहरांत मिळतं, मोस्तार-कोटोरला ते धरून चालू नका. थेपले, मेतकूट, चहाची पावडर न्या. मात्र युरोपीय संघात प्रवाशांना दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणायला मनाई आहे, तेव्हा पेढे घरीच वाटा.

पैसे आणि फोन

माँटेनेग्रो युरोपीय संघात नाही, तरी चलन युरोच. बोस्नियाचा मार्क (1 युरो = 1.95583 मार्क) देशाबाहेर कोणी बदलून देत नाही, म्हणून थोडेच काढा. एटीएमने ‘रुपयांत रक्कम दाखवू का?’ विचारलं की नाही म्हणा, स्थानिक चलन निवडा. रुपयांचा दर नेहमी महाग पडतो. क्रोएशियात घेतलेलं युरोपीय संघाचं सिम बोस्निया आणि माँटेनेग्रोमध्ये संघाच्या दराने चालत नाही. ई-सिम घेताना देशांची यादी वाचा, आणि सीमेजवळ डेटा रोमिंग बंद ठेवा.

आमच्याकडून संपूर्ण पॅकेज घेतलंत तर बिलावर 5 टक्के जीएसटी आणि वर टीसीएस (विक्रेत्याने आधीच गोळा करून भरायचा आयकर) लागतो. टीसीएस तुमच्या पॅनवर जमा होतो आणि आयकर विवरणपत्रात वळता करून घेता येतो. नुसतं विमानाचं तिकीट घेतलं तर ते टूर पॅकेज धरलं जात नाही. चालू वर्षाचा दर कोटेशनवर लिहून देतो.

पहिल्या भेटीला येताना दोघांचे पासपोर्ट (परतीनंतर निदान तीन महिने वैध, दहा वर्षांच्या आत काढलेले, दोन पानं कोरी), जुने व्हिसे असल्यास ते पासपोर्ट, सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट, अलीकडची आयकर विवरणपत्रं आणि सुट्टीच्या तारखा घेऊन या. गुडघे, रक्तदाब, मधुमेह याबद्दल मोकळेपणाने सांगा. त्यावर हॉटेलचा मजला आणि दिवसाचं चालणं ठरवायचं असतं.