एमएमएमधील मानधन आणि ‘इंडिपेंडंट कॉन्ट्रॅक्टर’ हा दर्जा : पार्श्वभूमी

एमएमए (मिक्स्ड मार्शल आर्ट्स), म्हणजे ठोसे, लाथा आणि कुस्तीचे डाव एकत्र चालणाऱ्या, पिंजऱ्यातल्या लढतींच्या खेळातील मानधनाविषयी मराठीत जे लिहिले जाते, त्यात ‘इंडिपेंडंट कॉन्ट्रॅक्टर’ या शब्दासाठी कधी ‘कंत्राटी कामगार’ तर कधी ‘स्वतंत्र कंत्राटदार’ असे शब्द वापरले जातात, आणि गोंधळाला तिथूनच सुरुवात होते. सोलापुरात कंत्राटी कामगार म्हटले की ठेकेदाराच्या हजेरीपत्रकावर नाव असलेला माणूस डोळ्यांसमोर येतो. त्याला मालक असतो, फक्त तो मुख्य कंपनीऐवजी मधला ठेकेदार असतो. कंत्राटदार म्हटले की माणसे आणि भांडवल बाळगून रस्त्याचे काम अंगावर घेणारा आठवतो. पिंजऱ्यात उतरणारा खेळाडू या दोघांपैकी कोणीच नाही. करारातील व्याख्येप्रमाणे तो स्वतःच एक धंदा आहे आणि लढती भरवणारी आयोजक कंपनी (या लेखात अमेरिकेतील यूएफसी) त्याची गिऱ्हाईक आहे. त्यामुळे प्रशिक्षकाची फी, खुराक, सरावातील दुखापत आणि कर या सगळ्याचा भार त्याच्यावरच येतो आणि निवृत्तिवेतनाचा प्रश्नच उद्भवत नाही.

या व्याख्येत बसणारा माणूस आपल्याकडे पाहायचा असेल, तर तो जत्रेतल्या कुस्त्यांच्या फडात सापडतो. जोड ठरते, इनाम बोलले जाते, कुस्ती निकाली झाली की रक्कम हातावर पडते, आणि जिंकलेला पैलवान प्रेक्षकांतून एक फेरी मारून वरची बक्षिसी गोळा करतो. खुराक आणि दुखापत त्याची त्यालाच निस्तरावी लागते हे खरे, परंतु दुसऱ्या दिवशी शेजारच्या गावच्या फडात उतरायला त्याला कोणाची परवानगी लागत नाही. एमएमएच्या करारात खर्चाचा भाग फडातल्यासारखाच राहिला. शेजारच्या गावाला जाण्याची मुभा मात्र काढून घेतली गेली. मानधनाचा वाद या दोन गोष्टींच्या जोडीतून उभा राहिला आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

दुसरे उदाहरण याच शहरातील आहे. बिडी वळणारी बाई घरी बसून, स्वतःच्या सवडीने, मांडीवर सूप घेऊन काम करते आणि तिला हजार बिड्यांमागे मजुरी मिळते. म्हणून ती आमची कामगार नव्हे, हा मालकवर्गाचा युक्तिवाद होता. १९६६ च्या बिडी आणि सिगार कामगार कायद्याने घरी काम करणाऱ्यांनाही कर्मचाऱ्यांच्या व्याख्येत घेतले आणि १९७४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा उचलून धरला. त्याआधी १९५७ मध्ये सौराष्ट्रातील मीठ पिकवणाऱ्या आगरियांच्या खटल्यात याच न्यायालयाने कामाच्या पद्धतीवर देखरेख ठेवण्याचा हक्क कोणाकडे आहे, ही कसोटी लावली होती. आगरिये मदतीला माणसे लावू शकत होते, तरीही ते कामगारच ठरले. कागदावरच्या नावापेक्षा प्रत्यक्ष ताबा पाहायचा, हा विचार अमेरिकी कायद्यातही आहे. तिथे तो एमएमएच्या बाबतीत शेवटपर्यंत नेला गेला नाही, एवढाच फरक.

या खेळाचा आरंभकाळ थोडक्यात सांगता येतो. नोव्हेंबर १९९३ मध्ये अमेरिकेतील डेन्व्हर येथे यूएफसीची पहिली स्पर्धा झाली आणि विजेत्याला ५० हजार डॉलर मिळाले. ते इनामच होते, पुढची बांधिलकी फारशी नव्हती. राजकीय विरोधामुळे डबघाईला आलेला हा व्यवसाय २००१ मध्ये सुमारे २० लाख डॉलरना विकला गेला. नव्या मालकांनी २००७ मध्ये जपानमधील आणि २०११ मध्ये अमेरिकेतील प्रमुख प्रतिस्पर्धी विकत घेतला, आणि २०१६ मध्ये तीच कंपनी सुमारे ४०० कोटी डॉलरना विकली. फड एकच उरला, असे म्हणण्यासारखी ही स्थिती होती.

करारांची रचना याच काळात घट्ट झाली. खेळाडूने ठरावीक लढती याच कंपनीसाठी लढायच्या. लढत नाकारली किंवा दुखापत झाली तर मुदत वाढायची. विजेतेपद मिळाले तर करार आपोआप लांबायचा. आणि मुदत संपल्यावरही बाहेरून आलेल्या प्रस्तावाची बरोबरी करण्याचा हक्क कंपनीकडे राहायचा. नवख्याचा दर अनेक वर्षे उतरण्याचे १० हजार डॉलर आणि जिंकल्यास आणखी १० हजार असा होता; पुढे तो १२ आणि १२ झाला. या दराने हरलेल्याला १२ हजारच मिळतात, आणि व्यवस्थापक, व्यायामशाळा, प्रशिक्षक व कर यांचा वाटा त्यातूनच जातो. अशा लढती वर्षाला दोन-तीनच होतात. चड्डीवर छापलेल्या जाहिरातींचे उत्पन्न हा त्यावरचा आधार होता. जुलै २०१५ पासून सर्वांना एकच गणवेश सक्तीचा झाला, स्वतःच्या जाहिराती बंद झाल्या, आणि त्या बदल्यात नवख्याला लढतीमागे २,५०० तर विजेतेपद हाती असलेल्याला ४० हजार डॉलर ठरले. त्याच वर्षी वर्षभर केव्हाही उत्तेजकचाचणी घेण्याची आणि आपला ठावठिकाणा कळवत राहण्याची पद्धत आली. पोशाख ठरवायचा, ठावठिकाणा विचारायचा आणि तरीही समोरच्याला स्वतंत्र धंदेवाईक म्हणायचे, हे १९५७ च्या कसोटीवर टिकणे कठीण दिसते.

कंपनीची बाजूही नोंदवायला हवी. खेळाडू स्वतःचा प्रशिक्षक निवडतो, सराव कुठे आणि कसा करायचा ते ठरवतो आणि लढत नाकारूही शकतो, असे ती सांगते. २०११ पासून तिने सरावातील दुखापतींसाठी विमाही दिला आहे.

दर्जाचा प्रश्न निकाली निघण्याच्या सर्वांत जवळ २०१८ मध्ये आला होता. खेळाडूंची संघटना उभारू पाहणाऱ्या एका महिला खेळाडूच्या करारातील शेवटची लढत एप्रिलमध्ये अटलांटिक सिटीत होती. प्रतिस्पर्धी वजनात बसली नाही आणि या खेळाडूने वाढीव वजनावर लढण्यास नकार दिला. तेव्हा कंपनीने तिला उतरण्याची आणि जिंकण्याची अशा दोन्ही रकमा दिल्या, करार पूर्ण झाल्याचे मानले आणि तिला मोकळे केले. पूर्ण पैसे मिळूनही तक्रार कशाची, असा प्रश्न तेव्हा विचारला गेला. तिचे म्हणणे असे होते की पैसे देऊन कंपनीने संघटना उभारणाऱ्यालाच बाहेर काढले. कामगारसंबंधांचे तंटे हाताळणाऱ्या केंद्रीय मंडळाच्या प्रादेशिक कार्यालयाला आरंभी तक्रारीत तथ्य वाटले. त्यानंतर प्रकरण वॉशिंग्टनला गेले आणि सप्टेंबरमध्ये तक्रार फेटाळली गेली. यात राजकीय हस्तक्षेप झाल्याचा आरोप तिच्या बाजूने झाला. खेळाडू कर्मचारी आहेत की नाहीत, यावर बंधनकारक निर्णय मात्र झालाच नाही.

हा निर्णय होणे का महत्त्वाचे होते, ते अमेरिकी कायद्यातील एका पेचामुळे कळते. कर्मचाऱ्यांनी एकत्र येऊन मजुरी ठरवली तर ती संघटना ठरते आणि तिला संरक्षण मिळते. स्वतंत्र धंदेवाईकांनी एकत्र येऊन दर ठरवला तर मक्तेदारीविरोधी कायद्याखाली तो संगनमताने केलेला भावनिश्चय ठरू शकतो. म्हणजे दर्जा बदलल्याशिवाय सुरक्षितपणे संघटना करता येत नाही, आणि संघटना नसताना दर्जासाठी लढायला कोणी पुढे येत नाही. मुष्टियुद्धातील खेळाडूंना निदान २००० सालच्या स्वतंत्र कायद्याने आयोजकाची कमाई जाणून घेण्याचा हक्क दिला. तो एमएमएला लागू करण्याचे विधेयक नंतर मांडले गेले, पण मंजूर झाले नाही.

म्हणून खेळाडूंनी दर्जाचा विषय बाजूला ठेवून डिसेंबर २०१४ मध्ये मक्तेदारीविरोधी दावा केला. त्यात कंपनीच्या उत्पन्नातील खेळाडूंचा वाटा सुमारे २० टक्के असल्याचे पुढे आले; अमेरिकेतील संघटित सांघिक खेळांत तो निम्म्याच्या आसपास असतो. हा आणि नंतरचा दुसरा अशा दोन दाव्यांसाठीची ३३.५ कोटी डॉलरची तडजोड न्यायाधीशांनी जुलै २०२४ मध्ये नाकारली. त्यानंतर फक्त जुन्या दाव्यासाठी, म्हणजे डिसेंबर २०१० ते जून २०१७ या काळातील खेळाडूंसाठी, ३७.५ कोटींची तडजोड झाली आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये तिला अंतिम मंजुरी मिळाली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये कंपनीने सात वर्षांच्या प्रक्षेपण हक्कांचा ७७० कोटी डॉलरचा करार जाहीर केला. जुन्या दाव्यातील काळानंतरच्या, म्हणजे जुलै २०१७ पासूनच्या, खेळाडूंचा दावा २०२१ मध्ये वेगळा दाखल झाला होता. त्यांच्यापैकी अनेकांच्या करारांत आता तंटा लवादाकडेच नेण्याचे आणि सामूहिक दाव्यात सामील न होण्याचे कलम आहे, आणि त्या कलमाखाली सही करणाऱ्याचा दर्जा पूर्वीप्रमाणेच ‘इंडिपेंडंट कॉन्ट्रॅक्टर’ असा लिहिलेला आहे.