पार्श्वभूमी : चाचणीतला तक्ता कोणासाठी असतो?

फॉर्म्युला वनचा हंगाम मार्चमध्ये सुरू होतो, पण नाशिकमधल्या चाहत्यांचे वाद फेब्रुवारीतच पेटतात. बहरीनमधली हंगामापूर्वीची चाचणी तिथल्या सकाळी दहापासून संध्याकाळी सातपर्यंत चालते, म्हणजे आपल्याकडे दुपारी साडेबारा ते रात्री साडेनऊ. सातपूर-अंबडमधली पहिली पाळी सुटली की उरलेला दिवस मोबाइलवर वेळांचा तक्ता बघायला मोकळा. रात्री कॉलेज रोडवर चहा घेताना प्रश्न एकच असतो : तक्त्यात सगळ्यात वर जो आहे, तो खरंच वेगवान आहे का? या प्रश्नाचा इतिहास बराचसा फसगतीचा आहे.

एके काळी हा प्रश्न इतका महत्त्वाचा नव्हताच. संघ वर्षभर हवी तितकी चाचणी करत. हिवाळ्यात एस्टोरिल, जेरेझ, बार्सिलोना. ऐंशीच्या दशकात तर थेट रिओपर्यंत जायचे. फेरारीकडे मारानेलोला कारखान्याच्या शेजारी १९७२ पासून फिओरानोचा स्वतःचा ट्रॅक, शिवाय मुगेल्लोही त्यांचाच. गाडी आठवड्यामागून आठवडे पळत असेल तर एका दिवसाच्या वेळेला कोण विचारतो? जागतिक मंदीनंतर खर्च आवरायचा म्हणून २००९ पासून हंगामाच्या मधली चाचणी बंद झाली आणि हंगामापूर्वीच्या दिवसांना एकदम भाव आला. मग तेही दिवस कापले गेले. २०१४ मध्ये बारा, २०१९ मध्ये आठ, २०२० मध्ये सहा, २०२१ मध्ये फक्त तीन. तीन दिवस, संघाला एकच गाडी, चालक दोन. प्रत्येकाच्या वाट्याला दीड दिवस.

सगळ्यात जास्त सांगितली जाणारी गोष्ट मात्र त्या मुबलक काळातली, २००१ ची आहे. चार वेळचे जगज्जेते अलँ प्रोस्ट यांचा संघ पैशांच्या अडचणीत होता. त्यांच्या निळ्या गाडीत फेरारीचं इंजिन होतं, चालक होता जाँ अलेसी. हिवाळी चाचणीत ही गाडी वरच्या क्रमांकांत दिसू लागली. हंगाम सुरू झाला तेव्हा हवा निघून गेली : वर्षभरात एकूण चार गुण, सगळे अलेसीचे. २००२ च्या सुरुवातीला संघाचं दिवाळं निघालं. पॅडॉकने, म्हणजे संघ आणि पत्रकारांच्या वर्तुळाने, त्यातून अर्थ काढला तो असा, की टाकी जवळपास रिकामी ठेवून पळायचं, तक्त्यात वर यायचं आणि प्रायोजक गाठायचा. असल्या लॅपला, म्हणजे ट्रॅकच्या एका फेरीला, पुढे ‘प्रायोजकांसाठीचा लॅप’ असं नावच पडलं.

आठ वर्षांनी हाच धडा उलटा अंगावर आला. डिसेंबर २००८ मध्ये होंडाने फॉर्म्युला वनमधून अंग काढून घेतलं. रॉस ब्रॉन यांनी तो संघ नावापुरत्या एका पौंडाला घेतला, होंडाच्या जागी मर्सिडीजचं इंजिन बसवलं आणि मार्च २००९ मध्ये, म्हणजे हंगाम तोंडावर आलेला असताना, जवळजवळ कोरी पांढरी गाडी बार्सिलोनात उतरवली. गाडीवर प्रायोजक नाहीत आणि गाडी तक्त्याच्या टोकाला! अनेकांनी मान हलवली, हे तर प्रोस्टसारखंच. हंगामाच्या पहिल्या शर्यतीत, मेलबर्नला, जेन्सन बटन पहिला आणि रुबेन्स बारिकेलो दुसरा आला. पहिल्या सात शर्यतींपैकी सहा बटनने जिंकल्या आणि वर्षअखेर दोन्ही विजेतेपदं ब्रॉन संघाकडे गेली. मागच्या बाजूचा दुहेरी डिफ्यूझर (गाडीखालच्या हवेने तिला रस्त्याला चिकटवून ठेवणारा भाग) सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होता. टोयोटा आणि विल्यम्सकडेही तसाच होता. पण शंका घेणाऱ्यांच्या डोक्यात रिकामी टाकी बसली होती. माझ्या मते चाचणीचा अंदाज चुकतो तो बहुतेक वेळा असाच. आपण यंदाची गाडी बघत नाही, मागच्या वेळी कोणी फसवलं ते आठवत बसतो.

इंधनाचा हिशेब एवढा का छळतो, ते समजायला सोपं आहे. दहा किलो इंधन जास्त भरलं की बार्सिलोनासारख्या ट्रॅकवर एका लॅपला साधारण तीन दशांश सेकंद जातात. २०१९ पासून २०२५ पर्यंत शर्यतीसाठी ११० किलोपर्यंत इंधनाची मुभा होती. म्हणजे भरलेली आणि रिकामी टाकी यांच्यात तीन सेकंदांहून जास्त अंतर, आणि पुढच्या फळीतल्या संघांमधला खरा फरक त्याच्या दहाव्या हिश्श्याइतकाही नसतो. टाकीत किती आहे हे तक्ता सांगत नाही. इंजिन कोणत्या मोडवर चाललंय, तेही सांगत नाही. टायरचा प्रकार तेवढा कळतो. त्यातही बहरीनमध्ये दुपारच्या उन्हात काढलेली वेळ आणि दिवे लागल्यावर काढलेली वेळ एका मापाने मोजता येत नाही.

म्हणून जाणकार लाँग रन बघतात : एकाच टायरवर सलग पंधरा-वीस लॅप, आणि वेळ कशी घसरते त्याचा उतार. निफाडच्या बागेत शिरलेला व्यापारी उन्हाच्या बाजूचा एकच घड चाखून सौदा करत नाही, चार ओळींतले मणी घेऊन साखर मोजतो. तसंच हे. शर्यतीच्या पूर्ण अंतराची तालीम करणाऱ्या गाडीला सुरुवातीला बरंच इंधन भरावंच लागतं, त्यामुळे तिथे लपवाछपवीला जागा कमी.

लॅपची संख्या हा दुसरा आधार, पण तोही पुरता भरवशाचा नाही. २०१४ मध्ये हायब्रिड व्ही-सिक्स इंजिनं आली. जेरेझच्या पहिल्या चार दिवसांत मर्सिडीजने ३०९ लॅप काढले, रेड बुलने २१. रेड बुलमधलं रेनोचं इंजिन साथच देत नव्हतं. मर्सिडीजने त्या वर्षी १९ पैकी १६ शर्यती जिंकल्या, तिथवर तक्ता बरोबर. पण उरलेल्या तिन्ही डॅनियल रिकार्डोने रेड बुलमधूनच जिंकल्या आणि संघ दुसरा आला. इंजिन आजारी होतं, गाडी नव्हती. उलट २०१५ मध्ये मॅकलॅरेन-होंडा चाचणीभर गॅरेजमध्ये अडकून राहिली आणि हंगामातही २७ गुणांवर नववी आली. दोन वर्षं, दिसायला सारखंच अपयश, निकाल मात्र वेगळे.

मग येतं २०१९. बार्सिलोनात फेरारीच्या सेबॅस्टियन व्हेटेलची सर्वोत्तम वेळ १ मिनिट १६.२२१ सेकंद, मर्सिडीजच्या लुईस हॅमिल्टनची १ मिनिट १६.२२४. तीन सहस्रांशांचा फरक. तरी दोन आठवडे सगळीकडे बोलबाला फेरारीचाच, आणि हॅमिल्टन स्वतः फेरारी बरीच पुढे असल्याचं सांगत होता. मेलबर्नला मर्सिडीजच्याच वालटेरी बोटासने वीस सेकंदांहून जास्त आघाडीने शर्यत जिंकली. व्हेटेल चौथा, तब्बल ५७ सेकंद मागे. पहिल्या पाच शर्यतींत मर्सिडीजच्या गाड्या पहिल्या आणि दुसऱ्या. दुसऱ्या चाचणीत मर्सिडीजने गाडीचा बाह्यभाग मोठ्या प्रमाणात बदलून आणला होता. बातमी ती होती, पण वाचली गेली वेळ.

घड्याळापेक्षा गाडी बघितल्याचा फायदा पुढच्याच वर्षी दिसला. फेब्रुवारी २०२० मध्ये ऑनबोर्ड कॅमेऱ्यात हॅमिल्टनने सरळ पट्ट्यावर स्टिअरिंग छातीकडे ओढलं आणि पुढची चाकं समांतर झाली. वळणाआधी परत आत ढकललं. स्टिअरिंगने चाकांचा कोन बदलायची ही मर्सिडीजची युक्ती होती. ते पाच सेकंदांचं दृश्य अख्ख्या तक्त्यापेक्षा बोलकं होतं. २०२२ ला हेच उलट्या बाजूने : बार्सिलोनाच्या शेवटच्या दिवशी मर्सिडीज वर होती, पण सरळ पट्ट्यावर गाड्या उड्या मारत होत्या. त्या उड्यांनी त्यांचं वर्ष खाल्लं. एकच शर्यत हाती लागली, ब्राझीलची.

आपल्याकडच्या नावांचा या इतिहासात चमत्कारिक वाटा आहे. २०१० मध्ये करुण चंढोकच्या एचआरटी संघाने चाचणी केलीच नाही. त्याची गाडी पहिल्यांदा धावली ती थेट बहरीनच्या पात्रता फेरीत. पुढच्या वर्षी त्याच संघाचा नारायण कार्तिकेयन मेलबर्नला १०७ टक्क्यांच्या नियमात (पात्रता फेरीतल्या सर्वोत्तम वेळेच्या १०७ टक्क्यांच्या आत यायचं) न बसल्याने शर्यतीबाहेर राहिला. फोर्स इंडियाने मात्र २०१५ मध्ये नवी गाडी शेवटच्या चाचणीत कशीबशी आणली आणि तरी वर्षअखेर पाचवा क्रमांक काढला.

नाशिकला जवळचं नाव महिंद्राचं. विजेवरच्या गाड्यांच्या शर्यतींतला त्यांचा फॉर्म्युला ई संघ इंग्लंडमधून चालतो, सातपूरच्या कारखान्याचा त्या गाडीशी थेट संबंध नाही; पण घरातला कोणीतरी महिंद्रात असतोच, मग बाजू कुणाची घेणार? तिथे अंदाज आणखी अवघड. बऱ्याचशा शर्यती शहरातल्या रस्त्यांवर, आणि चाचणी बरीच वर्षं व्हॅलेन्सियाच्या रुंद, कायमस्वरूपी ट्रॅकवर. डिसेंबर २०२२ ची चाचणी झाली, जानेवारीत मेक्सिकोला त्यांच्या लुकास डी ग्रासीने पोल, म्हणजे सुरुवातीची सगळ्यात पुढची जागा, घेऊन तिसरा क्रमांक मिळवला, आणि फेब्रुवारीत केप टाऊनला मागच्या सस्पेन्शनच्या शंकेने महिंद्राने दोन्ही गाड्या मागे घेतल्या.

२०२५ ची बहरीनची चाचणी जुन्या वळणाचीच. पहिल्या दिवशी वीज गेली (तिकडेही जाते तर!), नंतर वाळवंटात पाऊस पडला. तीन दिवसांची सर्वोत्तम वेळ विल्यम्सच्या कार्लोस साइन्झची. ज्यांनी लाँग रन पाहिले, ते मात्र लँडो नॉरिसच्या मॅकलॅरेनबद्दल बोलत होते. मेलबर्न नॉरिसने जिंकलं, वर्षअखेरचं विजेतेपदही त्याचंच. विल्यम्स पाचवी आली.

२०२६ साठी इंजिन आणि गाडी दोन्हींचे नियम बदलले, चाचणीचे दिवसही वाढले. त्यातली जानेवारीतली बार्सिलोनाची पहिली फेरी प्रेक्षक आणि पत्रकारांना बंद ठेवायची ठरली. यामागे २०१४ चं जेरेझ आहे, असं बहुतेक जण मानतात : नवं इंजिन जगासमोर बंद पडलेलं कोणत्याच कंपनीला नको असतं.