वाड्यात बिऱ्हाडं आली म्हणून वाड्याची चाळ होत नाही

लाकडी कठडा, कौलं, वाळत घातलेली लुगडी, खाली दगडी फरसबंदी. असा एखादा जुना फोटो फिरायला लागला की त्याखाली ठरलेलं वाक्य असतं : ‘गेली ती चाळ संस्कृती.’ फोटो नीट बघावा तर सदाशिव पेठेतल्या वाड्याचा. मग गिरगावातल्या चाळीचा फोटो येतो आणि त्यावर कुणी तरी ‘वाड्यातले ते दिवस’ म्हणून उसासे टाकतं. मालिकावाल्यांनी तर कहर केलाय. बाहेरून वाडा, आतून चाळ आणि गॅलरीत भर दुपारी चिटपाखरू नाही. हॉटेलवाले भिंतीला चार पितळी हंडे टांगून नावात ‘वाडा’ घालतात, पण त्यांना माफ आहे, निदान जेवायला तरी घालतात.

चाळीबद्दल फार सांगत बसत नाही, ती सगळ्यांना माहीत असते. एका रांगेत खोल्या, समोर गॅलरी, टोकाला संडास, खाली नळ. एकच दुरुस्ती करतो, ती म्हणजे बाहेरची गॅलरी असलीच पाहिजे असं काही नाही. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडीच्या बीडीडी चाळी घ्या. १९२० च्या दशकात सरकारच्या विकास खात्याने सिमेंट-काँक्रीटमध्ये बांधलेल्या या २०७ इमारतींत मधोमध बोळ होता आणि दोन्ही बाजूंना खोल्या. तरी त्या चाळीच, याबद्दल तिथल्या माणसाशी वाद घालून बघा.

बाकीचे फरक किरकोळ आहेत. वाडा पुण्या-नाशकाचा आणि चाळ मुंबईची, हे ढोबळमानाने खरं, पण पुण्यातही चाळी आहेत. लाकूड-विटांवरून ओळखायला जाल तर फसाल, जुन्या चाळीही लाकडी सांगाड्याच्या आहेत. ‘चौक असला की वाडा’ म्हणाल तर गिरगावात मोकळ्या अंगणाभोवती बसलेल्या चाळी आहेत. ‘गॅलरी असली की चाळ’ म्हणाल तर वाड्याच्या माडीवर चौकाभोवती सज्जा फिरतो, तो फोटोत हुबेहूब गॅलरीसारखा दिसतो. फोटोवाल्यांचा घोळ होतो तो इथेच.

मग ओळखायचं कसं? इमारत बांधली तेव्हा तिच्यात चुली किती धरल्या होत्या, एवढं विचारा. वाड्यात एक. चाळीत जितक्या खोल्या तितक्या. आज कितीही गॅस सिलिंडर दिसोत, ते मोजायचे नाहीत.

हे नुसतं वर्गीकरणापुरतं असतं तर मी एवढं डोकं लावलं नसतं. त्या एका चुलीवरून वाड्याची सगळी रचना ठरली होती. वाईजवळ मेणवलीला नाना फडणवीसांचा वाडा कृष्णेकाठी अजून उभा आहे. तिथे जाऊन चौकामागून चौक ओलांडत चाला म्हणजे कळेल. दिंडी दरवाजा, त्याला लागून देवडी म्हणजे पहारेकऱ्याची जागा, मग पहिला चौक, तिथली ओसरी, पुढे आणखी चौक, माजघर, देवघर, स्वयंपाकघर, शेवटी परसदार. प्रत्येक उंबरठ्याला एक चाळणी आहे. कुळं आणि कामकरी कुठवर येणार, हिशेबनीस कुठे बसणार, सोयरेधायरे कुठवर, बायकांनी कुठून पुढे यायचं नाही, हे सगळं भिंतींनीच ठरवून टाकलेलं. यात जातही आली. कोण देवडीशीच थांबणार आणि कोणाला ओसरीवर पाट मिळणार, हे कुणी तोंडाने सांगावं लागत नव्हतं. बाहेरून बघाल तर उंच, जवळजवळ आंधळी भिंत. उजेड, वारा, पाऊस सगळं वरून चौकात. कारण घर आतल्या माणसांकडे तोंड करून बसलेलं आहे.

आता यात भाडेकरू घाला. पेशवाई १८१८ ला बुडाली. पुढे वतनं-उत्पन्नं आटत गेली आणि पुण्यात कचेऱ्या, शाळा-कॉलेजं, छापखाने वाढले. नोकरी-शिक्षणाला आलेल्या माणसांना जागा हवी होती आणि मालकांना पैसा. वाड्यात बिऱ्हाडं आली. बिऱ्हाडांना मिळाले ते खण. खण म्हणजे दोन खांबांमधलं अंतर, पाच-सहा फुटांचं. ‘आम्हाला तीन खण होते’ असं जुनी माणसं अजून सांगतात, चौरस फूट सांगत नाहीत. दिवाणखान्यात फळ्यांचं पार्टिशन पडलं आणि नक्षीदार तुळईचा अर्धा भाग एका घरात, अर्धा दुसऱ्या घरात गेला. खिडकीखाली चार शहाबादी फरश्या उभ्या केल्या की झाली मोरी. तिचं पाणी पत्र्याच्या पन्हाळीतून खाली चौकात. देवघराच्या कोनाड्यात रॉकेलचा स्टोव्ह, जिन्याखाली सायकल. एका कुटुंबासाठी मागच्या अंगाला बांधलेल्या टोपलीच्या संडासावर आता आठ-दहा कुटुंबांची रांग. तो साफ करायला येणाऱ्या माणसाने मागच्या बोळातूनच यायचं, ही जुनी वहिवाट मात्र कुणी मोडली नाही.

दिसायला हे चाळीसारखंच दिसतं, म्हणून लोक चाळ म्हणून मोकळे होतात. पण आत राहणाऱ्याचा अनुभव पार वेगळा होता. चाळणीसारखे ते उंबरठे जागेवरच राहिले, फक्त त्यांच्यातून जाणारी माणसं बदलली. एकाची स्वयंपाकाची जागा ही दुसऱ्याची जायची वाट झाली. माजघरातलं बिऱ्हाड दिवसभर अंधारात, कारण माजघर उजेडासाठी बांधलेलंच नव्हतं. माडीवर जायला मधल्या बिऱ्हाडाच्या पाटपाण्यावरून पाय उचलत जायचं.

आणि मुख्य म्हणजे मालक त्याच वाड्यात. बहुतेकदा चौकाच्या उजेडाच्या बाजूला. नळ कधी बंद व्हायचा, दिंडी दरवाज्याला अडणा कधी लागायचा, दुपारी पाटा-वरवंटा वाजवायचा की नाही, भिंतीला खिळा ठोकायचा तर कुणाला विचारायचं, याचं उत्तर एकच. बिऱ्हाड देतानाच जात विचारून घेतलेली असायची. मालकीणबाई चांगल्या असल्या तर हळदीकुंकवाला बोलवायच्या, बाळंतिणीला डिंकाचे लाडू पाठवायच्या, पोरांना ओसरीवर परवचा म्हणायला बसवायच्या. हे सगळं खरं आहे, मनापासूनचंही असायचं. पण दुसऱ्याच्या घरात राहण्याचा तो चांगुलपणा होता. चौकात मुलं खेळत, पण चौक त्यांचा नव्हता. म्हणून ‘वाडा संस्कृती’वर कुणी गहिवरायला लागलं की मी आधी विचारतो, तुमचे आजोबा मालक की बिऱ्हाडकरू? मालकांचे नातू तुळशीवृंदावनाबद्दल बोलतात. बिऱ्हाडकरूंचे नातू नळाच्या वेळा सांगतात.

चाळीत हे नव्हतं. मालक असायचा एखादा शेठ, गिरणी, ट्रस्ट नाही तर सरकार. तो भाडं वसूल करायला मेहता पाठवायचा, स्वतः क्वचितच उगवायचा. खोल्या बांधतानाच सारख्या मापाच्या, त्यामुळे मानपान मापावरून ठरेना. फार तर जिन्याजवळची खोली, कोपऱ्यातली दोन खिडक्यांची खोली आणि संडासाला लागून असलेली, जी कुणालाच नको, एवढा फरक. गॅलरी कुणाच्या बापाची नाही, म्हणून ती सगळ्यांची. आपल्या दारासमोरचा तीन-चार फुटांचा तुकडा वहिवाटीने आपला, तिथे तुळशीचा डबा, चपला, म्हाताऱ्यांची खाट. पण येणारा-जाणारा त्यावरूनच जाणार आणि जाता जाता आत काय शिजतंय ते बघणार, याला कुणाची हरकत चालत नाही. वाड्यात आपल्यावर मालकाचा डोळा असतो. चाळीत सगळ्यांचा सगळ्यांवर. त्रास दोन्हीचा होतो, पण चाळीतल्या नजरेला उलटून नजर देता येते.

डोक्यावर कुणी बसलेलं नसलं की माणसं आपली आपण व्यवस्था लावतात. चाळ कमिटी, मंडळ, वर्गणीची पावती, भिशी, गॅलरीतली पंगत हे सगळं त्यातून आलं. गिरगावातल्या केशवजी नाईक चाळीचा गणपती १८९३ पासून बसतोय. पुण्यात भाऊ रंगारींनी आपल्या वाड्यात १८९२ ला बसवला की सार्वजनिक गणपती १८९३ चा, हा वाद पुणेकरांनी त्यांच्या सवडीने मिटवावा. मला त्यातलं एवढंच दिसतं की एक गणपती एका माणसाच्या वाड्यातून लोकांत आला आणि एक आधीच लोकांच्यात होता.

दुसरं एक उदाहरण. परळच्या बीआयटी चाळीत, म्हणजे प्लेगनंतर १८९८ साली निघालेल्या मुंबईच्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या चाळीत, डॉ. आंबेडकर १९१२ ते १९३४ दोन खोल्यांत राहिले. बडोद्याला १९१७ साली त्यांना पारशी बनून उतारूगृहात राहावं लागलं आणि तिथूनही हुसकावून लावलं. परळला घरमालक म्हणून ट्रस्ट होता, सोवळं सांभाळणारी मालकीण नव्हे.

आता मी चाळीची आरती ओवाळतोय असं कुणाला वाटेल. थोडीफार ओवाळतोयच. भाड्याच्या घराचा विचार केला तर चाळ ही प्रामाणिक इमारत आहे, ती कशासाठी बांधली ते लपवत नाही. पण बीडीडीची खोली १६० चौरस फुटांची, त्यात आठ-दहा माणसं. गिरणगावातल्या खोल्यांत पाळी बदलली की झोपणारेही बदलायचे, एक उठला की त्याच वळकटीवर दुसरा. पाचपन्नास गिरणी कामगारांचे डबे त्याच खोलीत रांधणाऱ्या खानावळवाल्या बाईला गॅलरीतल्या गप्पांची मजा किती मिळाली असेल देव जाणे. आणि चाळी काही सरमिसळ नव्हत्या. एका गावाची खोली, एका जातीचा मजला, एका धर्माची चाळ, हेही होतंच.

मोडकळीला आल्यावर तर दोघांचे रस्ते अगदीच वेगळे झाले, आणि इथेही लोक एकच कथा सांगतात : भाडं कमी, म्हणून दुरुस्ती नाही, म्हणून पडझड. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी १ सप्टेंबर १९४० च्या पातळीला बांधून ठेवली, ती वाड्याची आणि चाळीची दोन्हीकडची. पण मुंबई शहरात १९६९ च्या कायद्याने दुरुस्ती मंडळ आलं, उपकर घेऊन जुन्या इमारतींना टेकू द्यायला. उशिरा का होईना, ठेकेदार चांगला-वाईट कसाही असो, कुणाकडे तरी मोर्चा नेता येत होता. पुण्याच्या वाड्याला असं मंडळ नाही. तिथे पंधरा रुपये भाडं घेणारा मालक आणि पंधरा रुपये भाडं देणारं बिऱ्हाड एकाच गळक्या कौलाखाली बसून एकमेकांना वकिलाच्या नोटिसा पाठवत राहिले. चाळीतली भांडणं नळावर झाली आणि संध्याकाळी मिटली. वाड्यातली दिवाणी कोर्टात गेली आणि नातवांपर्यंत चालली. त्यात १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं आणि नदीकाठच्या पेठांतले कित्येक वाडे मातीच्या भिंतींसकट बसले. तिथे बऱ्याच ठिकाणी निकाल पाण्याने लावला.

पुनर्विकासातही तेच. वरळीच्या बीडीडीवाल्यांना टॉवरमध्ये ५०० चौरस फूट मिळाले, स्वतःचा संडास मिळाला, त्याला नावं ठेवणाऱ्यांनी आधी चार महिने मजल्याच्या टोकाला डबा घेऊन उभं राहून दाखवावं. गेली ती गॅलरी. तिच्या जागी लिफ्टसमोरची लॉबी, जिथे खुर्ची टाकली तर सोसायटी नोटीस लावते. वाडा पाडला की चौक जातो आणि तिथे पार्किंग येतं. पण चौक जाण्याचं दुःख बिऱ्हाडकरूला होत नाही, त्याला पहिल्यांदाच दार लावून घेता येतं. गॅलरी जाण्याचं दुःख मात्र चाळकऱ्याला होतं. आपलं होतं तेच गेल्यावर चुटपुट लागायची.

एक खरा अवघड प्रकार राहिला. पुण्यात बऱ्याच वाड्यांच्या परसात मागाहून भाड्यासाठी म्हणून खोल्यांची रांग उठवली गेली. पुढे दिंडी दरवाजा, मागे चाळ, पत्ता एकच. मागे वाढलेली माणसं ‘आम्ही वाड्यात राहायचो’ म्हणतात, कारण रेशन कार्डावर तसंच लिहिलंय. चुलीच्या हिशेबाने पुढचा वाडा, मागची चाळ, आणि तशी ती माणसं वागलीही : मागच्यांनी आपला वेगळा गणपती बसवला, पुढची बिऱ्हाडं मालकांच्या आरतीला जात राहिली. उलट प्रकारही आहे, चाळीचा मालक पहिल्या मजल्यावर तीन खोल्या एकत्र करून राहतो. ती चाळच. आणि पाडलेल्या वाड्याच्या जागी उभ्या राहिलेल्या पाच मजली अपार्टमेंटला बिल्डरने अमुक वाडा असं नाव दिलं असेल, तर त्याची चौकशी करायची गरज नाही. चुली दहा, चौक शून्य, गॅलरीला ग्रिल.