थंडीला चुकवणारा मका

जानेवारीत निफाडचा पारा पाच-सहा अंशांवर येतो, त्या दिवसांत तिकडच्या एखाद्या उशिरा पेरलेल्या मक्याच्या रानात सकाळी जाऊन बघा. रोपं जेमतेम वीतभर, वाढ थांबल्यासारखी आणि पानांच्या कडा जांभळ्या. आपल्याकडे असं पान दिसलं की पहिलं वाक्य ठरलेलं असतं, ‘स्फुरद (फॉस्फरस) कमी पडलं.’ मग डीएपी खताची गोणी येते. पण बहुतेक वेळा स्फुरद जमिनीत असतंच. गारठलेल्या मुळांना ते उचलता येत नाही, एवढंच. ऊन तापलं, माती उबली, की पोंग्यातून येणारं नवं पान आपोआप हिरवं निघतं.

हा जांभळा रंग अँथोसायनिनचा. काळ्या द्राक्षाच्या आणि जांभळाच्या सालीत असतो तोच. थंडीत तो पानावर का चढतो, हे कळायला मक्याचं माहेर बघावं लागतं.

मेक्सिकोच्या नैर्ऋत्येला बाल्सास नदीचं खोरं आहे. सखल आणि उबदार. सुमारे 9000 वर्षांपूर्वी तिथल्या लोकांनी टिओसिंटे नावाच्या रानगवतातून निवडत निवडत मका घडवला. म्हणजे मक्याच्या रक्तातच ऊब आहे. गव्हाला थंडी मानवते, मका मात्र माती दहा अंशांच्या खाली गेली की उगवायलाच कुरकुरतो. पेरल्यावर पहिल्या एक-दोन दिवसांत बी पाणी शोषतं. ते पाणी फार गार असेल तर पेशींची आवरणं फाटतात आणि आतला रस बाहेर झिरपतो. असं बी पुढे ऊन पडलं तरी सावरत नाही, आणि ओळीत नांगे, म्हणजे रिकाम्या जागा, पडतात ते यातूनच.

उगवलेल्या रोपाची अडचण वेगळी. मका, ऊस, ज्वारी यांच्या पानात कार्बन डायऑक्साइड दाबून भरणारा एक जास्तीचा पंप असतो. कडक उन्हात त्याचा मोठा फायदा होतो. हा पंप चालवणाऱ्या विकरांपैकी (एन्झाइमांपैकी) एक आहे पायरुव्हेट फॉस्फेट डायकायनेज. त्याचे चार सारखे भाग एकमेकांना धरून असतात. तापमान साधारण बारा अंशांच्या खाली गेलं की ही चौकडी सुटू लागते आणि पंप मंदावतो. नुसती थंड रात्र मका बराच सोसतो. खरा घात होतो तो थंड रात्रीनंतरच्या लखलखीत सकाळी. ऊन पुरेपूर येतं, हरितद्रव्य ते शोषतं, पण पुढचा कारखाना बंद. साठलेली ऊर्जा मग प्राणवायूच्या अंगात शिरते आणि तो पानाचीच मोडतोड करू लागतो. त्यावर पानाचे दोन उपाय आहेत. पिवळ्या वर्णकांचं रूप बदलून जास्तीची ऊर्जा उष्णता म्हणून बाहेर टाकायची, आणि वर अँथोसायनिनची छत्री धरायची. निफाडच्या त्या जांभळ्या कडा आजाराची खूण वाटतात, पण त्यात बचावही आहे.

पंप असला की थंडी सोसणार नाही, असा काही नियम मात्र नाही. पूर्व आशियातलं मिस्कँथस हे उसाच्या नात्यातलं उंच गवत. त्यातही हाच पंप असतो, पण त्याचा एक संकर चौदा अंशांतही पानं धडपणे चालवतो. त्याच तापमानात वाढलेलं मक्याचं पान जवळपास निकामी असतं. फरक त्या विकराच्या साठ्यात आहे. थंडी पडली की मिस्कँथस ते जास्त बनवतं, मका तसं करत नाही.

मग मका कॅनडा-जर्मनीपर्यंत पोचला कसा? मला यातली सगळ्यात सुंदर गोष्ट वाटते ती ही, की मक्याने थंडी सोसण्यापेक्षा ती चुकवणं जास्त साधलं.

एक चुकवणूक तुम्हाला स्वतः बघता येईल. चार पानांचं रोप मुळासकट उपटा आणि ब्लेडने बुडापासून उभं चिरा. पांढऱ्या गाभ्यात अगदी खाली तांदळाच्या कणीएवढा शेंडा दिसेल. रोपाची सगळी पुढची पानं आणि तुरा तिथून निघणार असतो. पाच-सहा पानं होईपर्यंत हा शेंडा मातीच्या पातळीखाली असतो. वरची पानं हिमकणांनी करपली, तरी शेंडा शाबूत असेल तर रोप पुन्हा फुटतं.

दुसरी चुकवणूक दिवसांची. मका दिवस मोजत नाही, ऊब मोजतो. दिवसाच्या कमाल-किमान तापमानाची सरासरी काढायची, त्यातून दहा वजा करायचे, उरली ती त्या दिवसाची कमाई. किमान दहाच्या खाली असेल तर दहाच धरायचं. खरिपात 30 आणि 22 अंश असतील तर कमाई 16. जानेवारीत 26 आणि 8 असतील तर फक्त 8. निम्मी! रब्बीचा मका जास्त दिवस घेतो तो म्हणूनच, आणि आपल्याकडे 15 ऑक्टोबर ते 10 नोव्हेंबरमध्ये पेरा उरका म्हणतात तेही यासाठीच.

उत्तरेकडे उन्हाळाच आखूड. तिथे टिकायचं तर लवकर फुलायला हवं. पण उष्ण कटिबंधातला मका लांब दिवस पाहून फुलणं लांबवतो. ही सवय मोडायला मदत केली ती जागा बदलणाऱ्या जनुकीय तुकड्यांनी. बार्बरा मॅक्लिंटॉक यांनी असे तुकडे मक्यातच शोधले आणि 1983 मध्ये त्यांना नोबेल मिळालं. असा एक तुकडा दिवसाची लांबी ओळखणाऱ्या जनुकाच्या दारात जाऊन बसला आणि त्या जनुकाचा आवाज बसला. अमेरिकेच्या नैर्ऋत्य भागात मका सुमारे 4000 वर्षांपूर्वी पोचला, पण तिथल्या थंड पठारांवर स्थिरावायला त्याला आणखी 2000 वर्षं लागली. युटाहमधल्या टर्की पेन या कपारीत 1900 वर्षांपूर्वीची कणसं सापडली. त्यांचा डीएनए वाचल्यावर दिसलं, की लवकर फुलण्याचा गुण त्यांच्यात तेव्हाच आलेला होता.

दुसरीकडे, मेक्सिकोतच मका डोंगर चढत होता. तोलुकाचं खोरं समुद्रसपाटीपासून 2600 मीटरवर आहे, तिथे लाह्यांचा एक जुना मका पिकतो. त्याच्या बुंध्याशी पानांची म्यानं जांभळट लाल आणि लवदार असतात. हे रूप आलं मेक्सिकाना या डोंगरी टिओसिंटेकडून. बाल्सासच्या टिओसिंटेचा हा चुलत भाऊ. मक्याशी त्याचा संकर होत राहिला आणि थंडीत उपयोगी पडणारे गुण मक्यात उतरले.

त्यातलं एक जनुक एचपीसी-1. थंडीत घरातलं खोबरेल थिजतं, सूर्यफुलाचं तेल थिजत नाही, हे आपण रोज बघतो. पेशीचं आवरणही स्निग्ध पदार्थांचंच, आणि त्यात कोणते पदार्थ किती, यावर थंडीत बरंच अवलंबून असतं. फॉस्फॅटिडिलकोलिन या रेणूला दोन शेपट्या असतात. एचपीसी-1 ची कात्री त्यातली एक तोडते. डोंगरी मक्यात ही कात्री बोथट असते, म्हणून तो रेणू साठून राहतो आणि मका लवकर फुलतो. हे काम 2022 मध्ये प्रसिद्ध झालं. मला थक्क करतं ते पुढचं: मेक्सिकानाकडून आलेलं हेच रूप उत्तर युरोपच्या कठीण दाण्याच्या मक्यातही सापडलं. फ्रान्समध्ये 1950 च्या दशकात लाकोन भागातल्या अशाच कणखर देशी मक्याचा अमेरिकी मक्याशी संकर केला गेला, आणि युरोपातली मक्याची शेती उत्तरेकडे सरकली.

मेक्सिकोतल्या चाल्कोच्या शेतांत मेक्सिकाना आजही मक्याच्या ओळींमध्ये उगवतो. शेतकऱ्यांसाठी तो तण आहे. तसाच लाल, लवदार बुंधा, तशीच पानं. खुरपणीच्या वेळी त्याला मक्यातून निवडून काढणं अवघड जातं, आणि बऱ्याचदा तो ओळखू येतो तो फुलल्यावरच. तोवर त्याचे पराग शेजारच्या कणसांवर पडू लागलेले असतात.