सामू (पीएच)

द्रावण किती आम्लधर्मी वा आम्लारिधर्मी आहे हे दाखवणारा अंक म्हणजे सामू. व्याख्येनुसार तो हायड्रोजन आयनांच्या सक्रियतेचा (म्हणजे प्रत्यक्ष परिणाम करणाऱ्या प्रमाणाचा) 10 या पायाचा ऋण लॉगॅरिदम असतो. विरल द्रावणात सक्रियतेऐवजी संहती (लिटरमागे किती आयन आहेत ते प्रमाण) धरली तरी चालते. लिटरमागे 0.001 मोल आयन असतील, तर सामू 3 येतो.

ही संज्ञा 1909 साली सोरेन सोरेनसेन या डॅनिश रसायनशास्त्रज्ञाने आणली. कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत ते विकरांवर (एन्झाइमांवर) काम करत होते. विकराचा वेग एकूण किती आम्ल घातले यावर नव्हे, तर द्रावणात प्रत्यक्ष मोकळ्या असलेल्या हायड्रोजन आयनांवर ठरतो, हे दाखवताना दशांश चिन्हापुढच्या शून्यांची रांग टाळायला त्यांनी नुसता घातांक घेतला आणि त्याला ‘हायड्रोजन आयन घातांक’ म्हटले. ‘पी’ म्हणजे घात, असे पाठ्यपुस्तकांत सापडते. मोजणीतल्या दोन द्रावणांना दिलेल्या पी आणि क्यू या खुणांतून ते अक्षर आले, असेही एक मत आहे.

मोजपट्टी लॉगॅरिदमची आहे हे विसरले की घोटाळे होतात. सामू 3 आणि 5 असलेल्या, बफर (सामू टिकवून धरणारे द्रावण) नसलेल्या तीव्र आम्लांची समान आकारमाने मिसळली, तर सामू 4 येत नाही, सुमारे 3.3 येतो, कारण पहिल्यात आयन शंभरपट असतात. मोजपट्टी 0 ते 14 मध्येच संपते हाही गैरसमज आहे. अतितीव्र आम्लांचा सामू ऋण असू शकतो. उदासीन म्हणजे 7, हे समीकरण 25 अंश सेल्सिअसलाच खरे. 37 अंशांना शुद्ध पाणी साधारण 6.8 दाखवते, तरीही ते उदासीनच असते.

लिटमस फक्त आम्ल की आम्लारी एवढेच सांगतो. नेमक्या अंकासाठी काचेचा इलेक्ट्रोड लागतो. 25 अंशांना सामू एकाने बदलला की त्याचा विद्युतदाब सुमारे 59 मिलिव्होल्टने बदलतो. मोजणीआधी 7.00 आणि 4.01 च्या बफर द्रावणांवर (आम्लारीसाठी 7.00 व 10.01) यंत्र जुळवून घ्यावे. दर वेळी इलेक्ट्रोडच्या टोकाचा काचेचा फुगा धुऊन टिपकागदाने अलगद टिपावा, घासू नये. दोन बफरमधल्या विद्युतदाबांतला फरक अपेक्षेच्या 95 टक्क्यांहून कमी भरला, तर इलेक्ट्रोड मळलेला किंवा म्हातारा झालेला असतो. तो ठेवायचा 3 मोलर पोटॅशियम क्लोराइडमध्ये. ऊर्ध्वपातित पाण्यात ठेवल्यास आतले क्षार बाहेर झिरपतात आणि प्रतिसाद मंदावतो.

ऊर्ध्वपातित पाण्याचाच सामू मोजला, तर काटा स्थिर होत नाही. त्यात आयन फारच कमी असतात, आणि उघड्यावर ठेवल्यास ते हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून 5.6 च्या आसपास उतरते. असे वाचन आले म्हणून यंत्राला दोष देण्याआधी पाणी किती वेळ उघडे होते, ते पाहावे.