पोरं पळवणारी टोळी आणि ‘लई जीव लावणारा’ माणूस

‘गावात पोरं पळवणारी टोळी आलीय, अनोळखी माणूस दिसला की धरा.’ हा मेसेज मराठवाड्यातल्या गावोगावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर अधूनमधून फिरत असतो. अशाच अफवेपायी १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात भिक्षा मागून पोट भरणाऱ्या पाच जणांचा जमावाने जीव घेतला. त्यांनी कोणाचंही लेकरू पळवलेलं नव्हतं.

आपण अनोळखी माणसावर डोळा ठेवतो आणि धोका बहुतेकदा ओळखीतून येतो. केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ साली १३ राज्यांतल्या १२,४४७ मुलामुलींशी बोलून अहवाल काढला. ५३ टक्के मुलांनी कुठल्या ना कुठल्या प्रकारचा लैंगिक अत्याचार सोसल्याचं सांगितलं. साधारण निम्मे अत्याचारी मुलांच्या ओळखीचे किंवा त्यांची जबाबदारी असलेले होते. पोलिसांत पोक्सोखाली, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याखाली, नोंदल्या जाणाऱ्या बलात्काराच्या गुन्ह्यांत तर आरोपी ओळखीतला असण्याचं प्रमाण ९० टक्क्यांच्या वर आहे.

असा माणूस चेहऱ्यावरून कळत नाही. जबडा, कपाळ, कान मोजून जन्मजात गुन्हेगार ओळखता येतो, असं इटलीच्या चेझारे लोंब्रोसोने १८७६ साली मांडलं. ते विज्ञानात टिकलं नाही. ‘एआय चेहरा बघून गुन्हेगार सांगतं’ आणि ‘बाबा नजर बघून सांगतात’ हे त्याच माळेचे मणी. ‘बाधा काढतो, लेकराला एकट्याला आत पाठवा’ म्हणणाऱ्या बाबाच्या दारातून तर लेकरू घेऊन तसंच मागे फिरावं.

ओळखायची असते ती पद्धत, आणि ती समजायला १९६९ चा एक प्रयोग फार उपयोगी पडतो. अचानक मोठा आवाज झाला की उंदीर दचकतो. कानातून निघालेला संदेश मेंदूच्या बुडाशी, ब्रेनस्टेममधल्या पेशींच्या एका पुंजक्यात जातो, तिथून मज्जारज्जूत आणि पुढे स्नायूंत. उंदरात हे सगळं दहाएक मिलिसेकंदांत उरकतं. तोच आवाज पुन्हा पुन्हा आला की दचकणं कमी होतं. याला हॅबिच्युएशन म्हणतात. मायकेल डेव्हिस आणि ॲलन वॅग्नर या मानसशास्त्रज्ञांनी उंदरांच्या एका गटाला सुरुवातीपासून १२० डेसिबलचा आवाज शेकडो वेळा ऐकवला. दुसऱ्या गटाला सुमारे ८३ डेसिबलपासून सुरू करून पायरीपायरीने वर नेलं. तिसऱ्याला तेच लहानमोठे आवाज, पण उलटसुलट क्रमाने. शेवटी सगळ्यांना १२० डेसिबलचा आवाज दिला. सगळ्यात कमी कोण दचकलं असेल? ज्यांनी तोच आवाज शेकडो वेळा ऐकला होता ते, असं वाटेल. पण कमी दचकले ते हळूहळू चढवत नेलेले उंदीर. उलटसुलट क्रमवाल्यांतही तो परिणाम दिसला नाही. म्हणजे सगळी करामत क्रमाची.

लेकरू म्हणजे उंदीर नव्हे. लेकराला लाज असते, भीती असते, त्या माणसाबद्दल मायाही असते. पण अत्याचार करण्याआधी लेकराला आणि घराला हळूहळू सरावून घेणं, ज्याला मानसशास्त्रज्ञ ग्रूमिंग म्हणतात, त्याचा क्रम हाच असतो.

दसरा-दिवाळीनंतर बीड, धाराशिव, जालन्याकडची जोडपी ऊसतोडीला निघतात. मागे आजी आणि लेकरं. अशा घरात एखादा माणूस ये-जा करू लागतो. आजीचं रेशन आणून देतो, औषध आणतो. लेकरासाठी कुरकुरे आणतो, आठवडी बाजाराला गाडीवर नेतो. मग सगळ्यांदेखत गुदगुल्या करतो. लेकरू ‘नको नको’ म्हणत असतं, मोठी माणसं हसत असतात. आपलं ‘नको’ इथे चालत नाही, हे लेकरू तिथेच शिकतं. मग एकट्यालाच फोन बघायला बोलावणं, मग ‘आजीला सांगू नको बरं’ असलं छोटंसं गुपित. पुढची प्रत्येक पायरी मागचीपेक्षा एवढुशीच वर. म्हणून नंतर लेकराला ‘तेव्हाच का नाही ओरडलास?’ असं विचारणं क्रूरपणाचं आहे.

आणि सरावतं काही एकटं लेकरूच नाही, घरही सरावतं. पुढच्या सणाला नांदेडहून आलेली आत्या दुसऱ्याच दिवशी विचारते, “ह्यो माणूस ह्या एकट्यालाच का नेतो गं?” घरचे म्हणतात, “काही काय बोलता, लई जीव लावतो तो लेकराला.” आत्या पायरीपायरीने आलेली नाही, थेट वरचाच आवाज तिच्या कानावर पडलाय. तिचं दचकणं उडवून लावू नका.

यात अडचण अशी की खाऊ, मदत, लाड चांगला मामाही करतो. जॉर्जिया विंटर्स आणि एलिझाबेथ जेग्लिक या मानसशास्त्रज्ञांनी २०१६ साली लोकांना अशा वागण्याची वर्णनं वाचायला दिली. त्या माणसाने पुढे अत्याचार केला, हे ज्यांना आधीच सांगितलं होतं, त्यांना खुणा जास्त ठळक वाटल्या. ‘मला आधीच वाटलं होतं’ हे बऱ्याचदा नंतरचं शहाणपण असतं. म्हणून एकट्या खाऊवरून कोणावर आळ घेऊ नये. एकांत शोधणं, गुपित ठेवायला लावणं आणि लेकराचं ‘नको’ मोडणं हे तिन्ही एकत्र दिसतंय का, ते बघावं. आणि स्पष्ट सांगावं: “लेकराला एकट्याला न्यायचं नाही.” जीव लावणारा माणूस ‘बरं’ म्हणतो आणि तसं वागतो. पुढच्या आठवड्यात नवं निमित्त काढून पुन्हा एकट्यालाच न्यायला आला, तर लेकरू पाठवू नये आणि गप्पही बसू नये.

लेकरू स्वतःहून काही बोललं, तर ‘त्याने असं केलं का, तसं केलं का’ असं तोंडात शब्द घालून विचारू नका. लहान मुलांची आठवण अशा प्रश्नांनी लवकर बदलते. ‘मग काय झालं?’ एवढंच विचारा आणि ऐका. पुढे तक्रार करायला पुरावा गोळा करत बसायची गरज नाही. पोक्सो कायदा, २०१२ च्या कलम १९ नुसार गुन्हा घडण्याची शंका असली तरी कळवायचं असतं, आणि चांगल्या हेतूने कळवणाऱ्याला कायद्याचं संरक्षण आहे. लेकराचा जबाब घरी घेता येतो. शक्यतो महिला अधिकारी येते आणि पोलीस गणवेशात नसतात. चाइल्ड हेल्पलाइनचा नंबर १०९८ आहे, फोनला पैसे लागत नाहीत.