वजनकाट्याची पावती, मराठी अक्षरं आणि टूलकिटची निवड

खान्देशात डेस्कटॉप सॉफ्टवेअरची गरज संपलेली नाही. जिनिंगचा वजनकाटा असो की केळीच्या व्यापाऱ्याचा हिशेब, नेट गेलं तरी पावती निघालीच पाहिजे. खिडक्या, बटणं, रकाने काढून देणारं टूलकिट कोणतं घ्यावं, असं आपल्याकडची मुलं विचारतात तेव्हा मला आधी मराठी अक्षरांचा इतिहास सांगावासा वाटतो.

१९९१ मध्ये मायक्रोसॉफ्टचं व्हिज्युअल बेसिक आलं. फॉर्मवर बटण ओढा, डबल क्लिक करा, कोड लिहा. १९९८ ची सहावी आवृत्ती छोट्या धंद्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये घट्ट रुजली. पण तिच्या मूळ कंट्रोलना, म्हणजे बटणं-रकान्यांना, युनिकोड (प्रत्येक लिपीतल्या अक्षराला स्वतंत्र क्रमांक देणारं मानक) झेपत नव्हतं. मग खास फॉन्ट लावून काम भागवायचं: पडद्यावर ‘मुक्ताईनगर’, डेटाबेसमध्ये मात्र रोमन अक्षरांची खिचडी. गावांची यादी अकारविल्हे लावली की क्रम विस्कटायचा, आणि फॉन्ट नसलेल्या मशिनवर नाव वाचताच यायचं नाही.

देवनागरी युनिकोडच्या पहिल्याच आवृत्तीत, १९९१ मध्येच होती. पण संकेतांक मिळाला म्हणजे अक्षर नीट उमटतं असं नाही. ‘शिंदखेडा’ लिहिताना इकार ‘श’नंतर साठवला जातो आणि दिसायला हवा आधी. ही जुळणी विंडोज २००० मध्ये युनिस्क्राइब हा त्यातला घटक करू लागला. लिनक्स या मुक्त प्रणालीवर त्याच कामासाठी पँगो आलं, ते घेऊनच २००२ मध्ये जीटीके या टूलकिटची दुसरी आवृत्ती निघाली. पायथॉन या प्रोग्रामिंग भाषेसोबत फुकट मिळणारं टीके हे टूलकिट लिनक्सवर नेमकं इथेच वर्षानुवर्षं अडखळत राहिलं.

दुसरा धागा परवान्याचा. नॉर्वेच्या ट्रोलटेक कंपनीचं क्यूटी हे टूलकिट १९९५ चं. त्यावर १९९६ मध्ये केडीई हा लिनक्सचा डेस्कटॉप सुरू झाला, पण क्यूटीचा परवाना मुक्त नव्हता. त्या नाराजीतून १९९७ मध्ये जीटीकेवर ग्नोम हा दुसरा डेस्कटॉप उभा राहिला. क्यूटी २००० मध्ये जीपीएलखाली, म्हणजे आपलाही कोड खुला ठेवायला लावणाऱ्या मुक्त परवान्याखाली, आलं. २००९ मध्ये, नोकियाच्या ताब्यात असताना, त्याला एलजीपीएल हा त्याहून सैल परवानाही मिळाला. आपला कोड न उघडता, अटी पाळून, परवाना शुल्काविना सॉफ्टवेअर विकता येऊ लागलं. तालुक्याच्या गावात एकट्याने धंदा करणाऱ्याला हा बदल फार मोलाचा.

वेबपानांच्या तंत्राने डेस्कटॉप सॉफ्टवेअर बांधू देणारं इलेक्ट्रॉन २०१३ चं. आत क्रोमियम हा अख्खा ब्राउझर असल्यामुळे मराठी सुरेख दिसतं, पण काट्यावरच्या जुन्या मशिनची रॅम तेच खातं. म्हणून मी क्यूटीकडे झुकतो, पायथॉन येत असेल तर पायसाइड, म्हणजे पायथॉनमधून क्यूटी वापरायची सोय. निर्णयाआधी मात्र गिऱ्हाइकाच्याच मशिनवर ‘शिंदखेडा’ आणि ‘मुक्ताईनगर’ टाइप करून, यादी लावून, त्याच्याच प्रिंटरवर पावती काढून बघा.